तिसरं कडवं

अबुधाबीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक नर्स राहते. कृष्णवर्णीय, उंच, पन्नाशीची, अमेरिकेच्या दक्षिणेकडची. तिचं इंग्रजी इतकं सैल आणि लांबवलेलं, की सुरुवातीला मी नुसती मान डोलवायची. माझ्या मुलीला कांजिण्या आल्या तेव्हा ही बाई ड्यूटी संपवून रोज आमच्याकडे डोकावून जायची.

म्हणून गेल्या वर्षी हळदीकुंकवाला मी तिला आग्रहाने बोलावलं. बिल्डिंगच्या हॉलमध्ये आम्हा बायकांचा ग्रूप डान्स होता. दरवर्षी कोळीगीत असतं; या वेळी काहीतरी वेगळं म्हणून एक हिपहॉप गाणं निवडलं. गाणारा तिच्याच भागातला आहे हे कळल्यावर मला तर आनंदच झाला. ठेका झकास होता. शब्दांकडे कुणी लक्ष दिलं नाही. उलट्या टोप्या, ढगळ टीशर्ट आणि गळ्यात दुबईच्या करामा बाजारातून मागवलेल्या जाडजूड खोट्या साखळ्या. प्रॅक्टिस बघून लेक म्हणाली, "आई, धिस इज नॉट ओके."

"तुला सगळ्यातच प्रॉब्लेम!" मी म्हटलं.

तिसऱ्या कडव्याला आमच्यातली एकजण ठरल्याप्रमाणे गोळी लागल्यासारखी छाती धरून धाडकन पडली आणि दोघींनी तिला पाय धरून ओढत नेलं. हॉल खदखदून हसला. मीही हसले. पहिल्या रांगेत ती नर्स तिळगूळ हातात धरून बसली होती. ती हसली नाही. शेवटी टाळ्या मात्र वाजवल्या.

जेवताना मीच विचारलं, "कसं वाटलं?"

"तालात होतात, हनी." मग प्लेट खाली ठेवून म्हणाली, "त्या कडव्यात काय आहे, माहीत आहे तुला?"

मी नाही म्हटलं. मला कळावं म्हणून ती एकेक शब्द सुटा करून सांगू लागली. गरीब काळ्या लोकांची वस्ती. नळाला वर्षानुवर्षं घाण पाणी. तक्रारींची कुणी दाद घेत नाही. तिसऱ्या कडव्यात आई तेच पाणी उकळून पोराला पाजते, तरी पोर जातं.

"माझ्या बहिणीच्या गावात असंच पाणी येतं," ती म्हणाली.

साखळी अजून माझ्या गळ्यात होती. घाईने काढायला गेले तर केसांत अडकली. शेवटी तिनेच ती सोडवली, हळूच, केस न ओढता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

घरी पोचेपर्यंत व्हिडिओ ग्रूपवर आला होता. "तो काढून टाका ना," मी लिहिलं. उत्तर आलं, "अगं, गंमत होती! एवढं काय मनावर घेतेस?" कारण लिहायला घेतलं, आणि बायकांना वाईट वाटेल म्हणून पुसून टाकलं. व्हिडिओ तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन माफी मागितली. "मी रागावले नाहीये," ती म्हणाली, "पण हे समजावून सांगायचा कंटाळा येतो गं." तिने चहाही केला.

या वर्षी बोलावलं तर ड्यूटी आहे म्हणाली. लिफ्टमध्ये भेटली की माझ्या लेकीची चौकशी तेवढ्याच मायेने करते. मी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उत्तरं देते.