होऊ घातलेले नातलग

"साहेब, साक्षगंधाला कायद्यात कवडीचीही किंमत नाही!" असे मी नायब तहसीलदारांच्या टेबलावर बोट आपटून सांगत होतो. ज्यांच्या मुलीशी माझे साक्षगंध ठरल्याचे सांगितले गेले होते, ते गृहस्थ त्याच वेळी माझ्या पाठीमागे बाकावर बसले होते. साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोहाडीच्या एका सरकारी कचेरीत मी आस्थापना लिपिक होतो. आस्थापना म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजा, बदल्या, बढत्या पाहणारी शाखा. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. कचेरीचे घड्याळ मागे पडले तरी मी वर पत्र पाठवीत असे. एलएल.बी. अर्धवट सुटली होती. राग मात्र पूर्ण वकिलाचा होता.

त्याआधी थोडेच दिवस, आमच्या कचेरीतल्या एका मामा-भाच्यांवर खवळून मी टिप्पणी लिहिली होती. टिप्पणी म्हणजे साहेबांच्या निर्णयासाठी फाइलवर मांडलेले मत. 'नातलग, अथवा नातलग होऊ घातलेले कर्मचारी, एकाच कचेरीत ठेवू नयेत.' त्यातल्या 'होऊ घातलेले' या शब्दांचा मला फार अभिमान होता. साहेबांनी खाली 'मान्य' लिहिले.

आणि एके दिवशी आमच्या टंकलेखिका सुलोचनाबाई माझ्या टेबलाशी आल्या. त्यांची नोकरी तात्पुरती होती. कायम होण्याचा आदेश यायचा होता. इकडे त्यांच्या मामाने स्थळ आणले होते, आणि मुलीने नोकरी सोडावी अशी त्या लोकांची अट होती. म्हणून बाईंनी घरी कळवून टाकले होते, की कचेरीतल्या निंबार्तेबाबूंशी माझे साक्षगंध ठरले आहे. निंबार्ते म्हणजे मी.

"तुमी फक्त हो म्हणा, भाऊ. आदेश आला का मोडलं म्हणून सांगतो. कायम नोकरी सोड म्हणाची कोणाची हिंमत नाई."

"बाई, हे खोटे निवेदन आहे."

"कोर्टात थोडी सांगाचं आहे? बाबांले सांगाचं आहे."

मी नियम शोधला. सापडला नाही. जे निषिद्ध नाही ते अनुज्ञेय, असा निष्कर्ष काढून मी होकार दिला. बाई दिसायला बऱ्या होत्या, हा मुद्दा मी विचारात घेतला नाही, असे तेव्हा मी स्वतःस बजावले. मला 'भाऊ' म्हणणे तत्काळ बंद करावे, एवढी एकच अट घातली.

बाजाराच्या दिवशी त्यांचे वडील सानगडीहून आले. सोबत घरच्या धानाच्या पोह्यांचे गाठोडे. मला खालून वर न्याहाळून म्हणाले, "बोलता तं वकिलावानी, बाबू. पगार बी तसाच हाय का?" जात जुळत होती, माणूस आवडला होता. बातमी कचेरीभर झाली. सगळ्यांनी माझ्या खर्चाने आलुबोंडे खाल्ले. तेवढ्यात साहेबांचे बोलावणे आले. "आमी बी येतो जी, साहेबांले नमस्कार करतो," म्हणत वडील मागोमाग निघाले. बाईही आल्या.

"अभिनंदन, निंबार्ते," साहेबांनी फाइल पुढे सरकवली. "तुमचीच टिप्पणी. 'होऊ घातलेले.' बाईंना साकोलीला पाठवावं लागते."

"साकोली!" वडील खुशीत आले. "सानगडी जवळच हाय. पोरगी घरीच राहील. मामाच्या समोरच साक्षगंध उरकून टाकू."

सुलोचनाबाईंचा चेहरा उतरला. मामासमोर सोंग टिकले नसते. मग ते स्थळ, आणि नोकरीचा राजीनामा. तेव्हा मी स्वतःच्याच टिप्पणीविरुद्ध उभा राहिलो. साक्षगंध केव्हाही मोडता येते. त्याने कोणीही बांधला जात नाही. सबब आम्ही नातलग होऊ घातलेलेही नाही. युक्तिवाद बिनतोड होता. साहेब मान डोलवू लागले होते.

मागून बाक सरकल्याचा आवाज आला.

"म्हंजे माह्या पोरीचं साक्षगंध काईच नाई? कायले फसवून राहिले, बाबू? सुले, सामान बांध. सांजच्या मोटारीनं जाऊन राहिलो आपण."

मी वळून पाहिले. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. जिंकलेला खटला इतक्या वेगाने हरलेला दुसरा वकील मला ठाऊक नाही.

"साहेब," मी म्हणालो, "दोघांपैकी कोणाची बदली करावी, हे टिप्पणीत लिहिलेले नाही. माझी करा."

वडील दारातच थबकले. "आपलीच बदली मागून राहिले?"

"लेखी देतो."

"बस सुले," ते म्हणाले. "हा माणूस बोलते वाकडं, पण करते सरळ." आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी, साहेबांना वडीलधारे म्हणून बसवून, त्यांनी नारळ-कुंकवासह आमचे साक्षगंध लावूनच टाकले. सोंगाला असे साक्षीदार मिळाले.

मी साकोलीला गेलो. बाई मोहाडीत निश्चिंत टाइप करीत राहिल्या. दर रविवारी सानगडीहून मला जेवणाचे बोलावणे येई. जावई खोटा होता; तलावाचे मासे खरे होते. मामा मला हाताने वाढीत. कायद्याची इतकी विटंबना माझ्या हातून पुन्हा झाली नाही.

यथावकाश बाई कायम झाल्या. मी मोहाडीस जाऊन, आठवडाभर घोकलेले वाक्य उभ्यानेच म्हटले, "ठरल्याप्रमाणे मी आपणांस या साक्षगंधातून मुक्त करीत आहे."

त्यांनी टाइपरायटरवरचे हात काढले. "त्या दिवशी साहेबांले तुमीच सांगतलं ना, साक्षगंधानं कोणी बांधलं जात नाई? मंग बांधलंच नाई तं सोडता काय?"

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"लग्नाले आहे का कायद्यात किंमत?"

"आहे. पूर्ण आहे."

"मंग ते करा लागते," म्हणून त्यांनी पुढचे पान मशीनला लावले.

त्यानंतर आम्ही खरोखरच नातलग झालो, आणि त्याच टिप्पणीपायी नोकरी संपेपर्यंत आम्हांला एकाच कचेरीत नेमणूक मिळाली नाही. ती रद्द व्हावी म्हणून मी वर अनेक पत्रे पाठविली. सगळी सुलोचनेने टाइप केली, माझी विशेषणे गाळून. प्रत्येक वेळी उत्तर तेच आले: सदर टिप्पणी अत्यंत सुस्पष्ट असल्याने फेरविचारास वाव नाही.