दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत बास्केटबॉल

आम्ही जुन्या खेळाडू बायका वर्षातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. सुरुवात गुडघ्यांपासून होते. कुणाचा डावा, कुणाचा उजवा, कुणाचा डॉक्टर चांगला. मग चहा येतो आणि चहानंतर किस्से! इतकी वर्षं झाली, पण किस्से काही कमी होत नाहीत. उलट आमच्यातली रेहाना सांगते ती एक मॅच आम्ही खेळलो तेव्हा सहा पॉइंटनी जिंकलो होतो, ती आता वीस पॉइंटनी जिंकलेली आहे. आम्ही कुणी तिला टोकत नाही, कारण सगळ्यांच्याच मॅच वाढल्यात!

मी मंदा, नाशिकजवळच्या मखमलाबादची. घरी झेंडू, कोथिंबीर, मेथी. उंची पाच फूट दहा इंच, आणि तीसुद्धा सोळाव्या वर्षीच झालेली. आई म्हणायची, "खताचा डोस चुकून हिला पडला."

*

खैरनार सरांनी मला शोधलं ते मैदानावर नाही, आमच्या शेताच्या बांधावर. सर एका बँकेच्या महिला टीमचे कोच. स्कूटरवरून चालले होते. मी खाली उभी राहून टेम्पोच्या टपावर बसलेल्या भावाकडे कोथिंबिरीच्या जुड्या फेकत होते. एकही जुडी इकडेतिकडे नाही, सगळ्या बरोबर त्याच्या हातात.

सरांनी स्कूटर थांबवली आणि दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, विचारलं, "उंची किती हो?"

दादा म्हणाले, "वीतभर हाय. पण वास घेऊन बघा!"

पुढची दोन वर्षं सर चहाला येत राहिले आणि मी त्यांच्या हाताखाली तयार झाले. पुढे बँकेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीही लागली. सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस, मधल्या वेळात काउंटर. बँकेनं मला कायम केलं, पण दादांनी नाही. ते दर दसऱ्याला सोनं वाटून झालं की गंभीर चेहरा करायचे आणि म्हणायचे, "बरं. औंदाचं साल खेळ. पुढचं पुढं बघू." म्हणजे माझं खरं कॉन्ट्रॅक्ट एकेका वर्षाचं, आणि सही दादांची! दसरा जवळ आला की मी न सांगता दादांचा चहा करायला लागायचे.

*

बँकेतला पहिलाच आठवडा. काउंटर उंच, त्यामागे मी. एक आजोबा पासबुक घेऊन आले. माझ्याकडे मान वर करून बघितलं आणि फार मायेनं म्हणाले, "मॅडम, सकाळपासून बघतोय, तुम्ही उभ्याच. जरा बसून घ्या की!"

मी म्हटलं, "आजोबा, मी बसलेलीच आहे!"

त्यांनी काउंटरवरून वाकून खात्री करून घेतली. पुढे ते प्रत्येक वेळी माझ्याच रांगेत यायचे आणि सोबत नवा माणूस आणायचे, दाखवायला.

*

खैरनार सर मूळचे सटाण्याचे. एरवी बोलणं एकदम शुद्ध, पण आम्ही मागे पडलो की टाइमआउटमध्ये सरळ अहिराणी सुरू! "मंदा, बॉल कोठे शे? तुना डोया कोठे शेत?"

आमची कॅप्टन रेहाना, नाशिकच्या द्वारका चौकाजवळ राहायची, डोकं भारी तेज. तिच्या लक्षात आलं की समोरच्या पुण्या-मुंबईच्या पोरींना यातलं काही कळत नाही. झालं, आमचे सगळे डाव अहिराणीत! रेहाना बॉल घेऊन यायची आणि ओरडायची, "मंदा, डावा बाजूले पय!" मी डावीकडे पळायची, बॉल हातात, बास्केट. दोन स्पर्धा आम्ही अशाच मारल्या. सर तर मिशीला पीळ द्यायला लागले होते.

तिसरी स्पर्धा धुळ्याला होती. रेहानानं तोंड उघडलं की सगळी पब्लिक आनंदानं समोरच्या टीमला सांगायची, "ती आते डावीकडे जाई! धरा तिले!"

सेमीफायनलला हरलो. पण धुळेकरांनी आम्हाला जाताना शेव-चिवडा दिला आणि म्हणाले, "आपलीच भाषा बोलतात, गुणाच्या पोरी!"

*

सीझनच्या आधी सर आम्हाला वणीच्या गडावर न्यायचे. देवीच्या दर्शनाला एकदा आणि फिटनेससाठी चारदा. म्हणजे पायऱ्या पळत चढायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या. आईला वाटायचं आमची टीम फार भाविक आहे.

तिसऱ्या फेरीला वाटेत बसलेल्या एका म्हातारीनं मला अडवलं. "पोरी, लय अवघड नवस हाय का गं?"

मला धाप लागलेली. कसंबसं म्हटलं, "आजी, सरांनी सांगितलंय."

म्हातारीनं खाली उभ्या असलेल्या सरांकडे बघितलं. त्यांच्या हातात स्टॉपवॉच. ती काठी टेकत पायऱ्या उतरून गेली आणि त्यांना म्हणाली, "बाबा, नवस तुझा, आन चढतात पोरी? देवी असला नवस घेत नाय!"

सर निमूटपणे घड्याळ खिशात टाकून आमच्याबरोबर चौथी फेरी चढले. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस नव्हती. सर उठू शकले नव्हते.

*

मग स्थळं यायला लागली. आईनं ताकीद दिली होती, "पाहुणे येतील तेव्हा बसलेली राहा. काही झालं तरी उठायचं नाय." मीही पाट धरून बसले. मुलगा अंबडला कंपनीत सुपरवायझर, बोलायला चांगला होता. पोहे झाले, चहा झाला, सगळं सुरळीत चाललं होतं.

तेवढ्यात ट्यूबलाइट फडफडायला लागली. दादा सवयीनं म्हणाले, "मंदे, जरा स्टार्टर फिरव गं."

मीही सवयीनं उठले, हात वर केला, फिरवला. लख्ख उजेड पडला. त्या उजेडात मुलाची मान हळूहळू वर येताना सगळ्यांनी बघितली. मुलाचे मामा तेवढे खूश झाले. "बघा, घरात शिडी घ्यायला नको!"

शिडी नको म्हणाले, पण पुन्हा आलेही नाहीत. आई दोन दिवस दादांशी बोलली नाही. मला मात्र त्या वर्षी दसऱ्याला एक वर्ष वाढवून मिळालं.

*

आणि आता तो दसरा.

त्या वर्षी दादांनी आधीच सांगून टाकलं होतं. "नोकरी ठेव. पण हे उड्या मारणं या दसऱ्यापासनं बंद. लोकं इचारतात, पोरगी करती तरी काय?" त्यांनी माझी एकही मॅच कधी बघितली नव्हती. मी तीन दिवस रडले. जेवण गोड लागेना. बास्केटबॉल सोडून मला दुसरं काहीच इतकं चांगलं येत नव्हतं.

फायनल नाशिकलाच होती, नेमकी दसऱ्याच्या आदल्या दिवशी. झेंडूवाल्याच्या घरी त्या दिवशी मांजरालासुद्धा कामाला लावतात. दुपारी दादा टेम्पो घेऊन मला माळा ओवायला न्यायलाच मैदानावर आले. मॅच चालू होती, म्हणून टोपी सावरत कडेला उभे राहिले.

मी त्यांना बघितलं आणि माझं बॉलवरचं लक्षच उडालं. एकामागून एक फाउल! आमच्या वेळी फाउल झाला की करणारीनं हात वर करायचा. रेफरी टेबलाकडे वळून बोटांनी तिचा नंबर दाखवायचा, माझा सात. मग टेबलावरचा माणूस तिचा कितवा फाउल ती पाटी उंच धरायचा. चार पाट्यांवर काळे आकडे, पाचवीवर लाल. लाल निघाली की खेळाडू मॅचमधून बाहेर.

चार मिनिटं उरली असताना माझी लाल पाटी निघाली. मी तोंडावर टॉवेल घेऊन बाहेर आले आणि बेंचवर बसून हमसून हमसून रडले. घरचं मैदान, म्हणून लोकांनी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्या टाळ्या दादांच्या होत्या. मला वाटलं, खेळ सुटला म्हणून वाजवतायत.

शेवटच्या क्षणी रेहानानं बास्केट मारली आणि आम्ही एका पॉइंटनी जिंकलो. सगळ्या तिला उचलून नाचत होत्या. तेवढ्यात दादा टेम्पोतली सगळ्यात जाड माळ घेऊन आले आणि ती माझ्या गळ्यात घातली. त्यांचे डोळे भरलेले.

"खैरनार सर," ते म्हणाले, "मला ठावंच नव्हतं हो! शिट्टी वाजली की हिचाच हात वर! सायेब सगळ्यांला बोटं करून सांगतोय, सात नंबर, सात नंबर! आन ती लाल पाटी तर अख्ख्या मैदानात माझ्या एकट्याच्या पोरीला!"

सरांनी तोंड उघडलं. रेहानानं त्यांच्या बुटावर बूट ठेवला. सरांनी तोंड मिटलं आणि मान डोलावली.

दादा माझ्याकडे वळले. "मंदे, आता दसऱ्याला इचारायचं नाय. पाय हायेत तवर खेळ."

मी पुन्हा रडायला लागले. दादांनी मग रेहानाकडे बघितलं.

"तू कप्तान ना गं? तुला किती पाट्या?"

"एकच, काका."

दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे पोरी. मन लहान नाय करायचं. पुढच्या वर्षी मेहनत कर."