साडूंचं पोटॅश

आमच्या साडूंएवढा देशाला नावं ठेवणारा देशभक्त अख्ख्या जुन्नर तालुक्यात सापडणार नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. डिंगोऱ्यात त्यांची द्राक्षबाग. द्राक्षात गोडी भरायला जे लाल पोटॅश टाकतात ते खाणीतलं मीठ असतं, आपल्याकडे ते जवळजवळ निघतच नाही आणि सगळं बोटीनं बाहेरून येतं, हे त्यांना कुठल्याशा शेतकरी मेळाव्यात कळलं. त्या दिवसापासून त्यांनी देशाला क्षमा केली नाही. शिनोलीच्या एका लग्नात नवरीचे मामा माइकवरून देशाच्या प्रगतीवर बोलत होते, तर साडू मंडपातून उठून म्हणाले, "राकेट सोडता ते बरं हाय, पण पोतंभर मिठापायी दुसऱ्याच्या दारात उभं ऱ्हाता, त्ये बी सांगा की." मामांनी भाषण आवरलं आणि आमच्या पंक्तीला मठ्ठा आलाच नाही.

मग एका वर्षी समुद्रापल्याड युद्ध पेटलं आणि पोटॅश दिसेनासं झालं. बाकीचे बागाईतदार हवालदिल झाले. साडू मात्र खुलले. दुकानात थोड्या गोण्या आल्याचा निरोप आला, तो त्यांनी परतवला. "यंदा परक्याचा खडा माज्या बागंत पडायचा न्हाई," ते म्हणाले आणि राखेतही पोटॅश असतं म्हणून घरोघरच्या चुलींची राख गोळा करायला लागले. घरोघर गॅस आलेला, त्यामुळे राख मिळेना. टोपल्या वाहून दमलेल्या मेव्हणीनं एकदा विचारलं, "साऱ्या देशाची राख मीच वाहायची व्हय?" साडूंनी पुढची टोपली तिच्या हातात दिली.

माल तयार झाला तेव्हा मी तिथंच होतो. शेजारच्या बागेचा सौदा उरकून व्यापारी आला, एक मणी चाखला, दुसरा चाखला आणि सौदा न करताच गाडीत जाऊन बसला. मेव्हणी डोळ्याला पदर लावून घरात गेली. साडू वेलीखाली बसले. सरकार, शास्त्रज्ञ, व्यापारी, कुणाचाही उद्धार केला नाही. मग एक घड तोडून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"खरं सांगा पावणं, आंबट हायेत का?"

"गोड आहेत," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघून हसले, माझ्या शेजारी सरकून बसले, आणि आम्ही दोघांनी मिळून तो आंबट घड शेवटच्या मण्यापर्यंत संपवला.