सातशे चाळीस ग्रॅम

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. वजनमाप खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली, दुकानोदुकानी फिरून खोटे वजनकाटे जप्त केले, तेव्हा कुण्या वैतागलेल्या दुकानदाराने हे नाव ठेवलं. ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी कॅरॅव्हॅन घेतली. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून ओढायची चाकांवरची खोली. तीत दोघांपुरता पलंग, हातभर ओटा, एका बर्नरची शेगडी आणि गॅसचा लहान सिलिंडर. वर्षातले चार महिने नवराबायको तळ्याकाठच्या मैदानावर मुक्कामाला असत, आणि आजूबाजूला अशाच आणखी दहा खोल्या उभ्या असत. बाकीचे तिथे मोकळी हवा खायला येत. काटेसाहेब तिथे सिलिंडरचं वजन करायचे.

रोज सकाळी दात घासून झाले की ते सिलिंडर सोडवायचे, निरोपसमारंभात खात्याने भेट दिलेल्या वजनकाट्यावर ठेवायचे, लोखंडाचं वजन वजा करायचे आणि उरलेल्या गॅसचा आकडा मोठ्याने वाचायचे. दिवसाला दीडशे ग्रॅम गॅस, त्यापलीकडे नाही. अंडी उकळत्या पाण्यात सोडली की गॅस बंद, पुढचं अंड्याने बघून घ्यायचं, असा त्यांचा खाक्या. त्यांच्या बायकोने, जिला सगळं मैदान काकू म्हणायचं, अशी अर्धीकच्ची अंडी कित्येक वर्षं बिनतक्रार खाल्ली होती. बिनतक्रार म्हणजे तक्रार करून काही फरक पडत नाही हे कळल्यानंतर.

त्या वर्षी गॅसची टंचाई आली आणि साहेबांना हसणाऱ्यांचे चेहरे उतरले. गॅसचा ट्रक पूर्वी दर आठवड्याला यायचा, तो आता तीन आठवड्यांनी येऊ लागला. मैदानात वाळलेलं गवत, त्यामुळे चूल पेटवायला सक्त मनाई. वीज एक दिवा लागण्यापुरती. मैदानाच्या मॅनेजरच्या न्हाणीघरातला गीझरही गॅसचाच, तो कुलूप लावून ठेवलेला. त्यातून लोक हावरट झाले. अर्धा भरलेला सिलिंडर देऊन पूर्ण भरलेला पळवू लागले. तेव्हा गॅस कंपनीने मैदानाच्या फाटकावर पाटी लावली: रिकामा द्या, भरलेला न्या. रिकामा म्हणजे रिकामा. दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त गॅस आढळल्यास बदलून मिळणार नाही.

नियम वाचून साहेबांना फार बरं वाटलं. कुणीतरी शेवटी शहाण्यासारखं वागलं, असं ते काकूंना म्हणाले.

त्याच सोमवारी मुलीचा फोन आला. ती दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन सासरी निघाली होती. बाळंतपण दूरच्या गावी झालं होतं, त्यामुळे आजीआजोबांनी नात अजून पाहिलीच नव्हती. वाटेत शुक्रवारपासून आठ दिवस आईबाबांकडे राहायचं तिच्या मनात होतं. फक्त एकच विचारायचं होतं, बाळाला दोन वेळा गरम पाणी मिळेल ना? नाहीतर ती दीड-दोन दिवस थांबेल आणि पुढे जाईल. साहेबांनी छाती फुगवून सांगितलं की मिळेल.

फोन ठेवला आणि त्यांनी सिलिंडर काट्यावर चढवला. दोन हजार नऊशे ग्रॅम. बाळाचं अंघोळीचं पाणी, बाटल्या उकळणं, खोली ऊबदार ठेवणं, दिवसाला पाचशे ग्रॅम तरी हवेत. आठ दिवसांना चार किलो. म्हणजे गुरुवारच्या ट्रकवरून भरलेला सिलिंडर मिळवायलाच हवा. आणि तो मिळवायचा तर होता तो गॅस गुरुवारपर्यंत संपवायला हवा. आयुष्यभर राखलेला गॅस, नातीसाठी आता उधळायचा होता.

सगळ्या मैदानाची हीच कथा होती. आदल्या आठवड्यापर्यंत लोक तांब्याभर गरम पाण्यासाठी एकमेकांच्या दारात उभे राहायचे. आता अकरा कॅरॅव्हॅनमध्ये अकरा शेगड्या सकाळपासून धडाडत होत्या आणि ऊन पाण्याच्या बादल्या दारोदार फिरत होत्या. घ्या हो, असा आग्रह एक करायचा, नको हो, आमचंच संपत नाहीये, असं दुसरा म्हणायचा. एका बाईने मोजे उकळले, मग टोप्या, मग सतरंजी. शेजारचा निवृत्त बस ड्रायव्हर दिवसातून तीन वेळा अंघोळ करून लालबुंद होऊन बसला होता. टंचाईत इतकी चंगळ मैदानाने कधी पाहिली नव्हती.

काटेसाहेबांची मात्र वेगळीच अडचण. त्यांचा हात ऐकेना. काकू शेगडी मोठी करून बाहेर गेल्या की साहेब जवळून जायचे, आणि परत येऊन पाहावं तर ज्योत करंगळीएवढी. विचारलं तर म्हणायचे, मी कुठे काय केलं? आणि ते खोटंही नव्हतं, कारण त्यांना खरंच पत्ता नसायचा. कित्येक वर्षांची सवय बोटांत मुरली होती. मंगळवारी काकूंनी त्यांना तळ्यावर फिरायला पिटाळलं. ते अर्ध्या वाटेवरून परत आले, खिडकीतून हात घातला आणि बटण बारीक केलं. बुधवारी काकूंनी शेगडीसमोर ड्रायव्हरला राखणीला बसवलं, तर त्याला बोलण्यात गुंगवून साहेबांनी गॅस तासभर बंदच ठेवला. काकूंच्या नाकीनऊ आले. बुधवारी संध्याकाळी काट्याने एक किलो दाखवला.

गुरुवारी सहा वाजल्यापासून शेगडी पेटली. ट्रक दुपारी एकला यायचा, तोवर जेमतेम जमलं असतं. पण जन्मात वेळेवर न आलेला तो ट्रक त्या दिवशी आठलाच आला. साहेबांनी घाईने सिलिंडर काट्यावर ठेवला. सातशे चाळीस ग्रॅम. काकूंनी आकडा ऐकला आणि सिलिंडरची दुसरी कडी धरली. दोघं रांगेत सहाव्या नंबरवर जाऊन उभी राहिली. आता परत पाठवणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ट्रकवरच्या कारकुनाकडे स्प्रिंगचा लटकता काटा होता. पुढचे पाच सिलिंडर त्याने हुकाला अडकवले, रिकामा, रिकामा म्हणत पटापट बदलून दिले. रांगेत शेजारचा ड्रायव्हर पहिलाच होता. मग साहेबांचा सिलिंडर लटकला. कारकुनाने वर पाहिलं, म्हणाला, रिकामा, आणि भरलेला खाली उतरवला.

काकूंना वाटलं देव पावला. त्या पुढे होऊन वाटेतली माणसं बाजूला करू लागल्या. साहेब भरलेला सिलिंडर पोटाशी धरून मागून चालले. वीस पावलं चालले. एकविसाव्याला त्यांनी तो खाली ठेवला.

"अगं, त्याचा काटा कमी दाखवतोय," ते म्हणाले.

"मग आपल्याला काय त्याचं?"

"पाचशे चाळीस ग्रॅम तरी कमी."

"अहो, उद्या पोर येतेय," काकू म्हणाल्या. "एवढं एकदा गप्प बसा. माझ्यासाठी बसा."

साहेबांना गप्प बसायचं होतं, हे खरंच सांगतो. नातीचा चेहरा त्यांनी अजून पाहिला नव्हता तरी तो त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पण समोर खोटा काटा लटकत होता आणि त्याखाली माणसं रांग लावून उभी होती. हे पाहूनही घरी जाणारा माणूस कोण, ते त्यांना माहीत नव्हतं. ते सिलिंडर उचलून परत गेले.

कारकून आधी ऐकेचना. भरलेला सिलिंडर परत घ्यायला त्याच्या फॉर्मवर रकानाच नव्हता. साहेबांनी आपला काटा आणून दाखवला, खात्रीची वजनं ठेवून तो बरोबर असल्याचं सिद्ध केलं, मग आपलाच सिलिंडर ठेवला. सातशे चाळीस. कारकुनाचा नाइलाज झाला. त्याने भरलेला परत ट्रकवर चढवला. मागे उरलेल्या पाचजणांचे सिलिंडरही मग साहेबांच्या काट्यावर चढले. कुणात तीनशे निघाले, कुणात पाचशे, सतरंजीवाल्या बाईच्यात सहाशे. सगळे नापास. सहा भरलेले सिलिंडर घेऊन ट्रक धूळ उडवत निघून गेला. पुढचा तीन आठवड्यांनी.

त्या दिवसापासून सगळं मैदान साहेबांना पाण्यात पाहू लागलं. काकूंनी तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं. भांडल्या नाहीत, आदळआपट केली नाही. ताट वाढायच्या, उचलायच्या, पण चकार शब्द नाही. साहेबांना याची सवय नव्हती. त्यांनी स्वतःच मुलीला फोन करून सांगितलं की दीड दिवसाचंच पाणी आहे. दीड दिवस म्हणजे नक्की किती, असं तिने विचारलं, तेव्हा त्यांनी ग्रॅममध्ये सांगितलं. ती हसली की रडली ते फोनवर कळलं नाही.

गुरुवारी संध्याकाळीच ड्रायव्हर आला होता. मनाने मोकळा माणूस. साहेब, माझ्याकडे भरलेला आहे, बाळाला हवं तेवढं पाणी तापवून देतो, असं म्हणाला. बोलण्याच्या भरात हेही सांगून बसला की त्याच्या रिकाम्या सिलिंडरमध्ये अर्धा किलो तरी शिल्लक होता. साहेब ताठ झाले. ते पाणी मला चालायचं नाही, म्हणाले. ड्रायव्हरला ते तोंडात मारल्यासारखं झालं. बरं, म्हणाला, आता तुम्ही मागितल्याशिवाय देणार नाही.

शुक्रवारी नात आली. काकूंनी तिला घेतलं ते दिवसभर खाली ठेवलंच नाही. संध्याकाळी टबात ऊन पाण्यात धरली तर पोरीने असा सुस्कारा सोडला, जसा थकला माणूस बूट काढून सोडतो. साहेब ओणवे होऊन पाहत राहिले. शनिवारी त्यांनी स्वतः दोन्ही वेळा पाणी तापवलं आणि ज्योत एकदाही बारीक केली नाही. संध्याकाळचं पाणी उतरवलं आणि शेगडी फुस्स करून विझली. सिलिंडर रिकामा झाला, अगदी नियमात बसेल असा.

रविवारी सकाळी मुलगी दुपट्यांच्या घड्या घालू लागली. बस दुपारची होती. बाळ रडत होतं. ओट्यावर गार पाण्याची बादली होती आणि काकू नातीला छातीशी घेऊन खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांची पाठ हलत होती. साहेबांनी ते पाहिलं. मोकळी बादली उचलून ते बाहेर पडले.

ड्रायव्हर दारातच पेपर वाचत बसला होता. सतरंजीवाली बाई दोरीवरची सतरंजी बाजूला सारून पाहू लागली. मॅनेजरही फाटकापाशी थबकला.

"एक बादली गरम पाणी पाहिजे होतं," साहेब म्हणाले.

ड्रायव्हरने पेपरची घडी केली. "माझ्या सिलिंडरवरचं? अर्धा किलो चुकीचा आहे त्यात."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "तरी पाहिजे."

पाठीमागे पायरीवर चपला वाजल्या. नातीला खांद्यावर घेऊन काकू आपल्या दारात येऊन उभ्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "दोन सांगा."