सदर खोली रिकामी नाही

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारी पावणेतीन वाजता. ठिकाण मुरुड, आमच्या घराची रस्त्याकडची खोली, जिथे आत्याचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अन्याय करणारे दोघे. एक परदेशातली भलीमोठी कंपनी आणि दुसरे माझे बाबा. कंपनीला मी घाबरत नाही, पण बाबांच्या घरात जेवते. म्हणून दोघांचीही नावं गाळली आहेत. समान न्याय.

झालं असं की कोळीवाड्यातली एक मावशी होडीच्या परवान्याचा अर्ज भरायला आली होती. पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की होड्या बाहेर पडतात, त्यामुळे आत्याच्या धंद्याचे हेच दिवस. आत्याने सरकारी साइट उघडली. साइट म्हणाली, तुमचा ब्राउझर जुना आहे. आत्या ब्राउझर नवा करायला गेली, तर संगणक म्हणाला, आधी मला नवा करा. संगणक नवा करायला गेली, तर कंपनीने पडद्यावर लिहून दिलं की हा संगणक नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही.

पात्र नाही! ज्या संगणकाने अर्ध्या गावाचे जातीचे दाखले भरले, ज्याने आमच्या युवक संघटनेची सगळी पत्रकं छापली, 'एसटी स्टँडवर बायकांनी जायचं कुठे?' हे गाजलेलं पत्रकसुद्धा, तो एका दुपारीत अपात्र. नोटीस नाही, सुनावणी नाही, बाजू मांडायची संधी नाही.

मावशी टोपली उचलून उठली. "ऱ्हाऊ दे गो बाय. मी स्टँडावरच्या पोराकडं जाते. त्याचा चालू हाय."

ती पायरी उतरते न उतरते तोच बाबा मोजायची टेप घेऊन आत आले. ओटीवर बसून सगळं ऐकत होते.

"मग बंदच करू आता," बाबा म्हणाले. "ही खोली रंगवून घेऊ. दोन खाटा मावतील. खिडकीतून समुद्र दिसतो."

"टेबलावर उभं राहिलं तर दिसतो," मी म्हणाले. "शेजाऱ्यांच्या दोन टाक्यांच्या मधून."

"मुंबईचे लोक उभे राहतात," बाबा म्हणाले आणि टेपचं टोक माझ्या हातात दिलं. मी ते सोडून दिलं. टेप सुर्रकन परत गेली आणि त्यांच्या अंगठ्यावर बसली. हा माझा पहिला निषेध.

खोलीचा इतिहास थोडक्यात सांगते. आत्याने लग्न केलं नाही. आजोबा असताना त्यांनी ओटीवर बसून सांगितलं होतं, ही खोली हिची. तोंडी. कागद कोणी केला नाही, कारण आजोबा बोलले की झालं अशी तेव्हा पद्धत होती. आता आजोबा नाहीत, नारळ-सुपारीत राम राहिला नाही असं बाबांचं मत आहे, आणि शनिवार-रविवारी गल्लीत गाड्या लावायला जागा नसते. शेवटी बाबांनी मुदत दिली. दसऱ्यापर्यंत हे डबडं चाललं तर चाललं. नाही चाललं, तर दिवाळीच्या सुट्टीत खोलीत पर्यटक.

आत्या संगणकावर पत्ते लावून बसली. गिऱ्हाईक नसलं की ती पत्ते लावते, काळ्यावर लाल, लालवर काळा. त्या दिवशी डाव लागला नाही.

आमच्या संघटनेचा माणगावचा एक कार्यकर्ता संगणकातला आहे. त्याने मला पेनड्राइव्हवर लिनक्स दिलं, म्हणजे कंपनीच्या व्यवस्थेऐवजी संगणक चालवणारी दुसरी व्यवस्था. म्हणाला, "हे कुणाच्या मालकीचं नाही. फुकट आहे, आणि पात्रता विचारत नाही." मला तर तिथेच भरून आलं. मी त्यावर पत्रक काढणार होते, पण पत्रक छापायचं कुठे? छापायचं यंत्र तर अपात्र.

लिनक्स बसलं. चालूही झालं. पण आत्याच्या संगणकाचा जीव केवढा! एक खिडकी उघडायला इतका वेळ लागायचा की गिऱ्हाईक तेवढ्यात नारळपाणी पिऊन यायचं. माणगावच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, त्यात सगळ्या जगाला लागणारा माल भरलाय. तुमच्या दुकानाला लागेल तेवढाच ठेव, बाकीचा काढ. तुझं स्वतःचं लिनक्स बनव.

त्याने समजावलं ते असं. या व्यवस्थेतली प्रत्येक वस्तू वेगळ्या गाठोड्यात बांधलेली असते. अक्षरं दाखवणारं एक, आवाज काढणारं एक, प्रिंटरशी बोलणारं एक. त्यांना पॅकेज म्हणतात. आत काय काय बसवलंय याची यादी मागता येते, नको ते काढता येतं, हवं ते आणता येतं. आणि एक पॅकेज दुसऱ्याच्या खांद्यावर उभं असू शकतं, एवढं सांभाळ.

शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. माझ्या डोक्यात 'यादी' आणि 'काढता येतं' हे दोन शब्द वाजत होते. चळवळीतल्या माणसाला दुसरं काय हवं?

मी झाडाझडती सुरू केली. ब्लूटूथ? या संगणकाला ब्लूटूथ नाहीच, मग हे आयतं बसून का खातंय? चालतं व्हा. व्हिडिओ कापायचं पॅकेज? आम्ही काय सिनेमे काढतो? चालतं व्हा. परदेशातल्या शहरांचं हवामान? आम्हाला आमचं पुरे. जगातल्या यच्चयावत लिप्यांचे फॉन्ट होते, ते मात्र ठेवले. भाषांच्या हक्काबाबत संघटनेची भूमिका स्पष्ट आहे. आत्या शेजारी बसून शेंगा सोलत होती. मधूनमधून म्हणायची, "अगं, आधी बघ तरी ते काय करतं ते." मी म्हणायचे, "आत्या, तू मवाळ आहेस."

आणि मग यादीत पत्ते आले.

तत्त्वाचा प्रश्न होता. दसऱ्याची मुदत डोक्यावर, बाबा टेप परजून दारात, आणि श्रमाच्या ठिकाणी पत्ते? मी काढायची आज्ञा दिली. यंत्राने भलामोठा मजकूर पडद्यावर ओतला आणि तळाला विचारलं, पुढे जाऊ? 'हो' मोठ्या अक्षरात, 'नाही' बारक्या अक्षरात. आमच्याकडे सभेत ठराव असेच मांडतात. मग यंत्र म्हणालं, यामुळे आणखी काही पॅकेजं आता कोणालाच नको आहेत, तीही झाडून टाकू? वा! किती समजूतदार! मी, जिने 'वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका' हे पत्रक पालीपासून मुरुडपर्यंत वाटलं आहे, तिने एक अक्षर न वाचता हो म्हटलं. बराच वेळ नावं सरसरत गेली. मला स्वच्छतेचं समाधान मिळत होतं. संगणक बंद करून पुन्हा चालू केला.

काळा पडदा. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. बाकी काही नाही. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, प्रिंटर नाही. माझं स्वतःचं लिनक्स तयार झालं होतं, आणि ते फारच हलकं होतं.

नेमकी तेव्हाच कोळीवाड्यातली मावशी दारात. स्टँडवरच्या पोराने तिचा फोटो आडवा चिकटवला होता, म्हणून ती परत आली होती. तिने पडद्याकडे बघितलं. "लाईट गेली काय गो?"

"लाईट आहे," आत्या म्हणाली. "आमच्या पुढाऱ्यांनी क्रांती केलीय." मग माझ्याकडे वळली. "कार्टे, पत्त्यांनी तुझं काय घोडं मारलं होतं?"

ओटीवरून आवाज आला, "टेप आणू का?"

फोनवर माणगावचा मित्र आधी हसला, मग पुन्हा हसला, मग त्याने सांगितलं. पत्ते एका मोठ्या संचाचा भाग होते. पत्ते काढले म्हणून संच मोडला. आणि बाकीचा सगळा संसार, पडदा, खिडक्या, छपाई, त्या संचाबरोबर आला होता. यंत्र दोन प्रकारची नोंद ठेवतं, तो म्हणाला. एक, जे तुम्ही स्वतःच्या हाताने मागितलं. दुसरं, जे कुणाबरोबर तरी आपोआप आलं. हाताने मागितलेल्याला ते तुमच्या हुकुमाशिवाय हात लावत नाही. आपोआप आलेल्याचं तसं नसतं. ज्याच्यासाठी ते आलं तो गेला, की यंत्र म्हणतं, आता याची गरज नाही.

फोन ठेवला आणि मी आत्याकडे बघितलं. तिने काळ्या पडद्यासमोर शेंगांची टरफलं गोळा केली होती आणि मावशीला बसायला स्टूल पुसून देत होती. आजोबांबरोबर आलेली खोली. आजोबा गेले, आता गरज नाही. बाबा दुष्ट नाहीत हो, मला माहीत आहे. ते फक्त झाडलोट करत होते, जशी मी केली. मला राग आला तो मात्र त्यांचाच, कारण माझा स्वतःचा राग करायला मला सवय नाही.

पेनड्राइव्ह लावून पहिल्यापासून सगळं बसवलं. या वेळी यादीवर आत्या बसली आणि मी शेंगा सोलल्या. आत्याची पद्धत अशी की गिऱ्हाईक आलं की त्यालाच विचारायचं, तुला काय लागतं? मावशीला फोनमधला फोटो उभा आणि सरकार मागतं तेवढा बारीक करून हवा होता. ते करणारं पॅकेज आत्याने स्वतः मागितलं आणि यंत्राला बजावलं की हे मी मागितलंय. शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींना अक्षरं मोठी दिसायला हवी होती. तेही मागितलं. स्कॅनरचं पॅकेज सापडेना तेव्हा तिने यंत्राला अशा शब्दांत झापलं की गुरुजी उठून बाहेर गेले. सापडलं. मग जे कोणीच मागितलं नव्हतं ते एकेक करून काढलं, प्रत्येक वेळी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून, जणू सत्यनारायणाची पोथी. मी कंटाळून म्हणाले, "आत्या, हो म्हण ना पटकन." ती म्हणाली, "तू शेंगा सोल."

सगळ्यात शेवटी तिने पत्ते हाताने मागून घेतले. मी विरोध नोंदवला. तो फेटाळला गेला.

संगणक पळायला लागला. नवरात्रात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि दसऱ्याच्या दोनच दिवस आधी, त्या गर्दीत, बाबा आले. हातात टेप नव्हती.

"एक अर्ज टाइप करायचाय," ते म्हणाले. "खोली पर्यटकांना द्यायची परवानगी."

"कुठली खोली?" मी विचारलं.

बाबांनी छताकडे बघितलं. "ही."

"मी छापणार नाही," मी म्हणाले. "हा निर्लज्जपणा आहे. संगणक चालतोय, आणि मुदत दसऱ्यापर्यंत होती!"

"अर्जाला वेळ लागतो. आत्ता देऊन ठेवतो."

"आत्या, तो प्रिंटर बंद कर!"

"ऊठ तिथून," आत्या मला म्हणाली. "माझ्या दुकानातून गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही. सांग दादा."

बाबा सांगू लागले, आत्या टाइप करू लागली. "महोदय... उपरोक्त विषयास अनुसरून... सदर खोली रिकामी असून..."

"रिकामी?" मागून मावशी म्हणाली. "मंग मी कुटं उभी हाय?"

गुरुजींनी चष्मा वर केला. "वाक्यरचना बरोबर आहे," ते म्हणाले. "पण विधान तपासून बघा."

"तसं लिहायचं असतं," बाबा म्हणाले.

"दादा, 'रिकामी' ठळक करू का?" आत्याने विचारलं. अगदी मनापासून. कानामात्रेचीसुद्धा चूक न करता तिने अर्ज छापला, सोबत काय काय जोडायचं ते सरकारी साइटवरून वाचून दाखवलं, आणि भावाकडून पैसे पूर्ण घेतले. जोडायच्या कागदांत शेवटी होतं, खोलीचा रिकाम्या स्थितीतला फोटो.

बाबांनी फोन काढला. मावशी पदर सारखा करून उभी राहिली. "मावशी, तुम्ही नको," बाबा म्हणाले. ती म्हणाली, "माजा नंबर हाय. मी न्हाय जायाची." बाबा म्हणाले, बरं, गर्दी ओसरली की काढतो.

त्याला आता बरेच दिवस झाले. दसरा गेला, दिवाळीच्या गाड्या येऊन गेल्या. अर्ज बाबांच्या सदऱ्याच्या खिशात आहे, घडीवर चिरत चाललाय. गर्दी ओसरते ती दुपारी, जेवणानंतर. तेव्हा बाबा फोन घेऊन दाराशी येतात आणि म्हणतात, "ए, जरा बाहेर हो ना. एकच फोटो." आणि आत्या पडद्यावरची नजर न काढता म्हणते, "थांब दादा, माझा डाव चालू आहे." काळ्यावर लाल, लालवर काळा. पत्त्यांबाबतची माझी भूमिका मी मागे घेतली आहे. लेखी.

पण संकष्टीला आत्या पहाटेच्या एसटीने पालीला गणपतीला जाते, ती संध्याकाळी उशिरा परत येते. त्या दिवशी दुकान माझ्या ताब्यात असतं, आणि मला सभा असतात, मोर्चे असतात, खरं सांगायचं तर भूकही लागते. मी जेवायला उठले की खोली रिकामी. बाबांना हे कळलेलं आहे. पंचांग त्यांच्याही घरात आहे, कारण घर एकच आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, विनंती करत नाही. मुरुडला आलात की आमच्या गल्लीत समुद्राकडची खोली आहे का असं विचारू नका. पुढच्या संकष्टीला, जेवणाच्या वेळी, आत्याच्या दुकानात या. कागद असला तर आणा, नसला तर तसेच या. आत शिरा, मोठ्याने म्हणा, प्रिंट पाहिजे. आणि मी जेवून येईपर्यंत त्या खोलीच्या मधोमध उभे राहा. बाबा म्हणतील, जरा बाजूला व्हा. होऊ नका.