पाडायचं न्हाई, उतरवायचं

हसनाबाद भागात कुणाचं जुनं माळवदाचं घर निघणार असलं की लाकूडवाले चाचा तिथं हजर. जुनं लाकूड घ्यायचं आणि सुतारांना विकायचं, हा त्यांचा धंदा. पण कुणी ‘घर पाडायचं’ म्हटलं की ते भडकायचे. “पाडायचं असंल तर जेसीबी बोलवा. मी घर उतरवतो.”

आमचंही घर त्यांनीच उतरवलं, कारण भावाला त्या जागी स्लॅबचं बांधायचं होतं. आधी छताची पांढरी माती काढून बाजूला ढीग केला, मग फळ्या, तुळया आणि शेवटी खांब. प्रत्येक सांध्यावर दोन्हीकडं एकसारखी खडूची खूण करायचे.

मी हसलो. “चाचा, याचे उद्या पलंग होणार. निशाण्या कशाला करून राह्यले?”

“पलंगवाल्याला अक्कल आली अन् घरच परत उभं करायचं म्हणला तर, बीए साहेब?”

ज्या खांबाला टेकून माझा सगळा अभ्यास झाला, तो ट्रॉलीत चढला तेव्हा माझं हसू संपलं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. घरात माझा शब्द चालतो, तो मी त्या दिवशी वापरला. “स्लॅब इथं होऊ दे,” भावाला म्हणालो, “हे घर आपल्या शेतात उभं राहील.”

चाचांचा सौदा मोडत होता. तरी ते ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, “मंग जल्दी शेताकडं घे.”

ट्रॉलीत शेवटी चढवलेले खांब सगळ्यात वर होते. घर उभं करताना तेच आधी लागतात.