चारा उदंड आला तेव्हा

मागच्या कार्तिकात सीताफळं घ्यायला मी औशाजवळच्या एका मळ्यात थांबलो. साठीपुढची एक बाई झाडाखाली बसून फळं निवडत होती. प्रत्येक फळ तळहातावर घेऊन त्याचे डोळे उघडलेत का बघायची. मध्येच रानाकडं तोंड करून ‘हुर्र, हुर्र’ म्हणायची आणि पुढचं फळ उचलायची.

शेजारी तिची सून टोपली भरत होती, मी तिच्याकडं पाहिलं. ती हळूच म्हणाली, “भादव्यात ओढ्याला पूर आला, अन् वाड्यात कोंडलेली मेंढरं समदी व्हावून गेली. आत्याबाई अजून त्यास्नी हाका मारत्यात.”

“पुन्हा थोडी घ्या की,” मी बाईला म्हणालो.

तिनं बांधाकडं हात केला. तिथं कमरेएवढं गवत माजलं होतं. “औंदा चारा लई हाय. पर न्हाई, बाबा. एकेकीला म्या आईच्या पोटातनं वढून काढलं हुतं. आता जीव लावायला जीवच उरला न्हाई.”

मी निघालो तेव्हा दिवस कलला होता. मेंढरं परतायची ती वेळ. बाई उठली, वाड्याचं काटेरी फाटक बाजूला सारलं आणि वाटेकडं बघत उभी राहिली. सुनेनं तिला हटकलं नाही. ती चूल पेटवायला आत गेली.